तांबडा-पांढरा आणि सबटायटल्स

कोल्हापूर म्हटलं की काय आठवतं? तांबडा-पांढरा, रंकाळा, चपला आणि अंबाबाईचं दर्शन. कोल्हापूरला फेस्टिव्हलला चाललेय असं मैत्रिणींना सांगितलं, तर हमखास प्रश्न येतो, 'कसला गं? मिसळीचा?' नाही हो, सिनेमाचा! आणि तोही इंटरनॅशनल.

कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीने २०१२ साली कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू केला. लाडाचं नाव 'किफ'. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात त्याचे कितीतरी खेळ रंगलेत. गोव्याच्या इफ्फीसारखा थाट इथे शोधू नका. मधल्या वेळेत चहा प्यायला बाहेर आलं की रस्ता ओलांडणारी म्हैसही दिसू शकते. पण आत पडद्यावर परदेशातलं एखादं घर, एखादं भांडण चाललेलं असतं, खाली सबटायटल्स पळत असतात आणि शेजारच्या खुर्चीतले रिटायर्ड काका श्वास रोखून बघत असतात.

महोत्सव भरवणाऱ्या सोसायटीला बाबूरावांचं नाव आहे, ते नुसतं शोभेचं नाही. 'इंडिपेण्डण्ट फिल्म' हा शब्द आपण आज कॉफी पिता पिता फेकतो. या माणसाने ती शंभर वर्षांपूर्वी करून दाखवली होती. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार. दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा पाहून दोघांना झपाटलं. कॅमेरा आणायला पैसे कुठून आणणार? मग घरीच बनवायला घेतला! १९१६ मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून ते पुरं केलं. हेच दामले पुढे 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. बँक नाही, स्टुडिओ नाही. गाण्यावर कमावलेला पैसा आणि हाताने बनवलेला कॅमेरा, एवढंच भांडवल.

त्यातून १९२० साली 'सैरंध्री' आला. बायकांची कामं पुरुष करत असण्याच्या त्या काळात त्यात चक्क स्त्रियांनी भूमिका केल्या. १९२५ चा 'सावकारी पाश' तर आणखी पुढचा. देवदेवतांचे सिनेमे धो-धो चालत असताना जमीन गमावून शहरात मजूर होणारा शेतकरी पडद्यावर आला. तो रंगवला तरुण व्ही. शांताराम यांनी. हा मूकपट आज आपल्याला बघायला मिळत नाही, हे मात्र फार लागतं. सिनेमा जपला नाही की तो जातोच.

आता कॅमेरा बनवावा लागत नाही, खिशातच असतो. एडिटिंग लॅपटॉपवर होतं. अडतं ते पुढे, पडद्यापाशी. छोट्या सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये मिळतो सकाळी अकराचा खेळ, म्हणजे तुम्ही-आम्ही मीटिंगमध्ये असताना. शुक्रवारी लागतो आणि 'बघायचाय गं' म्हणेपर्यंत उतरतो. 'कोर्ट'ने २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार पटकावले. 'साबर बोंडं'ने २०२५ मध्ये सनडान्सचं ग्रँड ज्युरी प्राइझ आणलं. बातम्या आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केल्या. थिएटरात जाऊन किती जणांनी पाहिले? हात वर करा!

जगभरात असे सिनेमे फेस्टिव्हलच्याच बोटाला धरून चालतात. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या महोत्सवाची तर ओळखच नव्या, प्रयोगशील दिग्दर्शकांना उचलून धरणारा अशी आहे. तिथला टायगर अवॉर्ड २०२१ मध्ये 'कूळांगल' या तमिळ सिनेमाला मिळाला. गोष्ट एवढीच, की रणरणत्या उन्हात बाप आणि मुलगा पायी गावाकडे निघालेत. त्याच वर्षी तो भारतातर्फे ऑस्करच्या शर्यतीतही गेला. रॉटरडॅमचं बजेट कोल्हापूरला कुठून येणार? पण पडदा, अंधार आणि अनोळखी माणसांची सोबत इथेही तीच मिळते.

'हे सगळं ओटीटीवर येतंच की!' हे वाक्य मीही शंभरदा ऐकलंय. येतं, कधीकधी. पण घरी पहिल्या वीस मिनिटांत सिनेमा संथ वाटला की आपण पॉज करून फ्रीज उघडतो. इथे पॉज नाही. संथपणा अंगावर घ्यावा लागतो आणि चाळिसाव्या मिनिटाला तो का होता ते कळतं. शिवाय सिनेमा सुटल्यावरची चर्चा. पुण्या-मुंबईत प्रश्न विचारणारा आधी स्वतःचं भाषण करतो. कोल्हापूरकर थेट विचारतो, 'शेवट काय कळला न्हाई बघा, नीट सांगा की!' दिग्दर्शकाला एवढा प्रामाणिक फीडबॅक कुठली कन्सल्टन्सी देणार आहे?

या शहराचं सिनेमावर प्रेम आहे यात वादच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ विकला गेल्याचं कळलं, तेव्हा कलावंत उपोषणाला बसले होते. माझी तक्रार फक्त एवढीच की आपलं प्रेम बहुतेक वेळा वास्तूवर, पुतळ्यावर आणि जुन्या आठवणींवर उतू जातं. आत्ता, याच आठवड्यात, कुणा नवख्याने कर्ज काढून केलेल्या सिनेमाच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. तानीबाईंनी जुन्या आठवणींवर पैसे लावले नव्हते.

तर, जाणार असाल तर थोडी तयारी करा. तारखा दरवर्षी बदलतात, त्या पक्क्या झाल्यावरच रजा टाका. रेल्वे स्टेशनवरून दसरा चौक जवळच आहे. एका दिवसात तीनपेक्षा जास्त सिनेमे घेऊ नका, चौथ्याला हमखास डुलकी लागते. आणि परदेशी सिनेमांच्या नादात मराठी विभाग सोडू नका. ते सिनेमे पुन्हा कधी पडद्यावर दिसतील याची खात्री नसते.