गोंदणापासून डोळ्यातल्या शाईपर्यंत

त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत, वणीच्या गडावर चैत्रात गोंदणाऱ्या बायका बसायच्या. दिव्याची काजळी, एकत्र बांधलेल्या दोन-तीन सुया, टोचून झालं की वर हळद. नाशिक जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातावरची तुळस नि विंचू त्यांनीच काढलेले. पुढे जत्रेत बॅटरीवरचं मशीन आलं आणि मग कॉलेज रोडला टॅटूची चकचकीत दुकानं.

साधनं बदलली, पण शाई जाते तिथेच : वरची कातडी ओलांडून एक-दोन मिलिमीटर आत. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून गोंदण जन्मभर टिकतं. पिकलं तर औषध आहे, नकोसं झालं तर लेझरने बरंच फिकट करता येतं.

डोळ्याचं तसं नाही. पाश्चात्त्य हौशी मंडळींनी २००७ मध्ये बुबुळाभोवतीचा पांढरा भाग रंगवायला सुरुवात केली. इथे नक्षी काढताच येत नाही. सिरिंजने शाई वरच्या पातळ पापुद्र्याखाली सोडतात, ती पसरेल तशी पसरते. खालचं पांढरं आवरण काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड. हात किंचित दाबला गेला तरी सुई डोळ्याच्या आत जाते. मग पडदा सुटतो, आत जंतुसंसर्ग होतो, दृष्टी जाते. शिवाय शाई परत काढायची सोय नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने २००९ मध्येच यावर बंदी आणली. २०१७ मध्ये कॅनडातल्या एका तरुण मॉडेलचा डोळा असा बिघडल्याची बातमी जगभर गेली. त्याच सुमारास दिल्लीतल्या एका टॅटू कलाकाराने स्वतःचे डोळे काळे करून घेतले आणि त्याचं इथे कौतुकच जास्त झालं, हे मला फार खटकतं.

डोळ्यात शाई घालण्याचा एक जुना, रास्त उपयोगही आहे. बुबुळावर पांढरं फूल पडलं की ते झाकायला दुसऱ्या शतकात गेलन हा वैद्य मायफळाची पूड नि लोहक्षार वापरी. १८६९ मध्ये पॅरिसच्या वेकर या नेत्रतज्ज्ञाने त्यासाठी काळी शाई वापरली. दृष्टी गेलेल्या डोळ्यावरचा डाग झाकायला नेत्रतज्ज्ञ आजही हा उपाय करतात.

हातावर हवं ते गोंदवा, सुई नवी आहे ना एवढं पाहा. डोळ्याला मात्र नेत्रतज्ज्ञाखेरीज कुणाचीही सुई लागू देऊ नका.