मॅक पत्ता कर्नलपर्यंत कसा पोहोचतो?

• रचना : ४८ बिट, पहिले २४ सहसा उत्पादकाची ओळख सांगतात.

• साठवण : बोर्डावरची ईईप्रॉम, चिपमधले फ्यूज किंवा फ्लॅश. तिथून तो यू-बूट या बूटलोडरच्या ‘ईथॲडर’ या चलात येतो. दुसऱ्या पोर्टासाठी ‘ईथ१ॲडर’.

• हस्तांतर : लिनक्स सुरू करण्यापूर्वी यू-बूट डिव्हाइस ट्रीमध्ये ‘ईथरनेट०’ हे टोपणनाव शोधतो आणि ते ज्या नोंदीकडे बोट दाखवते तिथे ‘लोकल-मॅक-ॲड्रेस’ हा गुणधर्म भरतो.

• वाचन : कर्नल आधी ‘मॅक-ॲड्रेस’ पाहतो, मग ‘लोकल-मॅक-ॲड्रेस’.

• काहीच नसेल तर : अनेक ड्रायव्हर यादृच्छिक पत्ता घेतात. तो प्रत्येक बूटला बदलतो. त्यामुळे डीएचसीपी सर्व्हरला तेच यंत्र दरवेळी नवे वाटते आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेला आयपी पत्ता त्याला मिळत नाही.