दोन आरोग्य विमे, बिल एक : कोणती कंपनी किती देणार?

मुलगा कंपनीत नोकरीला लागला की कित्येकदा आई-वडिलांची नावे तेथील समूह विम्यात येतात. वडिलांनी दुकानाच्या कमाईतून घेतलेली पॉलिसीही चालूच असते. आजारपण आले की काहींना वाटते, दोन्हीकडून पूर्ण पैसे मिळतील. काहीजण घाबरून एक पॉलिसी लपवतात. आमच्या मते दोन्ही गोष्टी नुकसानीच्याच आहेत.

गोदामाचा आगीचा विमा दोन कंपन्यांकडे असेल तर त्या भरपाई प्रमाणात वाटून देतात, हे व्यापारी बंधू जाणतात. आरोग्य विम्यातही पूर्वी हाच हिशेब होता. समजा, एक पॉलिसी ३ लाखांची, दुसरी २ लाखांची आणि इस्पितळाचे मान्य बिल ४ लाखांचे. जुन्या रीतीने पहिलीच्या वाट्याला २ लाख ४० हजार व दुसरीच्या वाट्याला १ लाख ६० हजार येत. रुग्णाच्या घरच्यांना दोन्हीकडे खेटे घालावे लागत.

२०१३ च्या नियमांनी ही सक्ती सैल केली. बिल एका पॉलिसीत बसत असेल तर कंपनी निवडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने पुढचे पाऊल टाकले. आपण ज्या कंपनीकडे दावा करू ती मुख्य कंपनी. तिची रक्कम अपुरी पडली तर बाकीसाठी दुसऱ्या कंपनीशी तिनेच बोलायचे. वरील उदाहरणात पहिली ३ लाख देईल, दुसरी १ लाख. बेरीज ४ लाखच. खर्चाहून जास्त एक पैसाही नाही. दिवसाला ठराविक रक्कम देणारी 'हॉस्पिटल कॅश' पॉलिसी मात्र याला अपवाद. ती वेगळी मिळते.

वाचकांना आम्ही सुचवतो : दावा शक्यतो आधी समूह विम्यावर करावा, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीचा 'नो क्लेम बोनस' शाबूत राहतो. दोन्ही पॉलिसींचे क्रमांक इस्पितळात पहिल्याच दिवशी द्यावेत. बिले व रिपोर्ट यांच्या प्रती आणि पहिल्या कंपनीचे मंजुरीपत्र जपून ठेवावे. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही महिनाभरात दाद मिळाली नाही, तर मुंबई व पुणे येथील विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही.

आणि समूह विम्याच्या भरवशावर स्वतःची पॉलिसी बंद करू नये. नोकरी सुटली की तो विमाही सुटतो.