खांदेरीची गलबतं

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा नाशिककरांचा ऊर भरून आला तो बागलाणातल्या साल्हेरसाठी. त्याच यादीत खांदेरी आहे. थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेलं हे छोटं बेट. कोळ्यांच्या वेताळाचं ठाणं, दगडाने ठोकला की धातूसारखा वाजणारा खडक आणि भोवती पाण्याखाली दडलेले कातळ. ऑगस्ट 1679 च्या अखेरीस, पावसाळा पुरता सरलेला नसताना, शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन इथे उतरला आणि मुंबईकर इंग्रज जागे होईपर्यंत तटाला हातही घातला. या धाडसाचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण खांदेरी मराठ्यांकडे राहिली ती त्यानंतरच्या रात्रींमुळे, आणि त्या रात्रींचं श्रेय गलबतं, मचवे आणि ते हाकणाऱ्या तांडेलांना आजवर फार कमी मिळालं आहे.

असं म्हणण्याला आधार आहे तो जंजिऱ्याच्या, सिद्दीच्या पाण्यातल्या किल्ल्याच्या, फसलेल्या मोहिमेचा. 1676 मध्ये मोरोपंत पिंगळे जंजिऱ्यावर चालून गेले, तेव्हा लाय पाटलाने कोळ्यांना घेऊन रात्रीच्या काळोखात तटाला शिड्या लावल्या, अशी हकीगत परंपरेने चालत आली आहे. शत्रूच्या तटाखाली माणसं पोचली, शिड्या उभ्या राहिल्या. मागून यायची कुमक मात्र वेळेवर आली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढून परतावं लागलं. सेनापतीच कच्चा होता म्हणावं, तर हेच मोरोपंत चार वर्षांपूर्वी प्रतापराव गुजरांबरोबर साल्हेरच्या मैदानात मोगलांना धूळ चारून आले होते. डोंगरी मुलखात मागची तुकडी उशिरा आली तर पुढची कड्याआड थांबू शकते. समुद्रात भरती-ओहोटी कोणासाठी थांबत नाही, आणि पाण्यातल्या तटाखाली दिवसा लपायला जागाही नसते.

जंजिऱ्याला जी कुमक पोचली नाही, तशी खांदेरीला रात्रीमागून रात्र पोचत राहिली. इंग्रजांनी सप्टेंबरात बेटाला जहाजांचा वेढा घातला. 19 सप्टेंबरला त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू गेला आणि मारला गेला. तरीही वेढा उठला नाही. म्हणजे दाणागोटा, दारूगोळा, माणसं सगळं काळोखातूनच यायला हवं होतं. इथे मराठी होडीची घडण कामी आली. गलबत आकाराने आटोपशीर, दोन डोलकाठ्यांचं, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. तळ उथळ, म्हणून खाडीत, कातळांच्या फटीत शिरणारं. वारा पडला की इंग्रजांचं जड जहाज जागच्या जागी डुलत राही; वल्हेकऱ्यांना वाऱ्याची पर्वा नव्हती. ही चपळ होडकी हाती लागत नाहीत, अशी तक्रार खुद्द इंग्रजांच्या कागदांत आहे. शत्रूच्या या कुरकुरीला मी कोणत्याही बखरीतल्या स्तुतीपेक्षा जास्त वजन देईन.

यावर कोणी 18 ऑक्टोबरची लढाई पुढे करील. त्या दिवशी मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने डव्ह हे इंग्रजी जहाज पकडलं आणि बाकीची बरीच पळवून लावली, पण रिव्हेंज या एकट्या इंग्रजी जहाजाने तोफांच्या माऱ्यावर मराठ्यांना नागोठण्याच्या खाडीकडे परतायला लावलं. खरं आहे, उघड्या पाण्यात मोठ्या तोफांपुढे गलबत टिकत नसे. पण गलबतांना समुद्र जिंकायचा नव्हता, बेटापर्यंत पोचायचं होतं, आणि लढाईनंतरही ती पोचत राहिली. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: जानेवारी 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी बेट बळकावलं आणि तिथून तोफा डागू लागला, मग खांदेरीचा उपयोग काय? उपयोग घटला, हे मान्य केलंच पाहिजे. तरी त्याच महिन्यात इंग्रज वेढा उठवून गेले, आणि 1718 मध्ये मुंबईचा इंग्रज गव्हर्नर बून याच्या मोहिमेलाही ते बेट घेता आलं नाही.

बेटावर गेलेल्या माणसाला आज तट, तोफा आणि दीपगृह दिसतं. ज्यांच्यामुळे तो तट उभा राहू शकला, त्या होड्यांचं तिथे काहीच नाही. लाकूड कुजतं, दगड उरतो, म्हणून वारसा दगडाचाच धरला जातो. कोकणात लाकडी होडी बांधणारे हात अजून आहेत. जुन्या वर्णनांवरून एक पुऱ्या मापाचं गलबत त्यांच्याकडून बांधून घ्यावं, ते थळच्या किनाऱ्यावर ठेवावं आणि वर्षातून एकदा वल्ह्यांवर खांदेरीपर्यंत न्यावं.