सर्पास अन्न कोठें द्यावें?

नागपंचमीस नागापुढें दुधाची वाटी ठेविली, कीं सर्पाच्या भोजनाविषयींचें आपलें ज्ञान संपतें. आणि दूध तर त्याचें अन्नच नव्हे! आपल्या देशांतील सर्प घरीं बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, हें योग्यच झालें. परंतु अमेरिकेंत व युरोपांत पश्चिम आफ्रिकेंतील चार-पांच फूट लांबीचा एक अजगर पुष्कळ लोक पेटींत पाळतात. भ्याला म्हणजे तो अंगाचें चेंडूसारखें वेटोळें करितो, म्हणून त्यास 'बॉल पायथन' म्हणतात.

त्यास पेटींतच जेवूं घालावें, कीं बाहेर काढून निराळ्या डब्यांत, असा वाद पाळणाऱ्यांत आहे. पेटींत अन्न दिल्यास झांकण उघडतांच सर्पास भक्ष्याची आठवण होऊन तो धन्याचा हात धरितो, असें कित्येकांचें म्हणणें. आम्हांस तें पटत नाहीं. सर्प भक्ष्य ओळखतो तें मुख्यतः वासानें व उष्णतेनें. या अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या लहान खांचा असतात. उंदरास शिवलेला ऊबदार हात त्यास उंदीरच वाटावा, यांत नवल तें काय? तेव्हां हात स्वच्छ धुवावे व अन्न लांब चिमट्यानें द्यावें. नुसतें उचलावयाचें असेल त्या दिवशीं आधीं वांकड्या काठीनें अंगास हळूच स्पर्श करावा. संवयीनें त्यास उमगतें कीं, हें भोजन नव्हे.

खरा धोका आहे तो बाहेर जेववून परत ठेवतांना. त्या वेळीं सर्प अजून भक्ष्याच्याच धुंदींत असतो, व पोट भरलेलें असतां उचलल्यास तो गिळलेलें ओकून टाकतो. जठरांतील अम्लानें अन्ननलिका पोळते, आणि पुढें सुमारें दोन आठवडे त्यास उपाशी ठेवावें लागतें. म्हणून भोजनानंतर निदान दोन दिवस त्यास हात लावूं नये. पेटीची एक बाजू उबदार ठेवावी, कारण त्याचें पचन बाहेरील उष्णतेवर चालतें.

एका पेटींत दोन सर्प असल्यास मात्र जेवतांना वेगळे करणें भागच आहे. दोघांनीं एकच उंदीर दोहों टोकांनीं धरिला, तर एक दुसऱ्यासही गिळूं लागेल. मुळांत दोघांस एकत्र ठेवावें कशाला?

जिवंत उंदीर पेटींत सोडणें आम्हांस दोघांच्याही दृष्टीनें क्रूर वाटतें. सर्पास भूक नसली, तर उंदीरच त्यास कुरतडून जखमी करितो. मेलेला, गोठवून ठेविलेला उंदीर पूर्णपणें वितळवून, ऊन पाण्यानें ऊबदार करून द्यावा. तो सर्पाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फारसा जाड नसावा.