नवजन्म, ख्रिस्ती

नवजन्म, ख्रिस्ती : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. पापामुळे देवापासून दुरावलेल्या मनुष्यास ख्रिस्ताच्या द्वारे जे नवे जीवन लाभते, त्यास नवजन्म म्हणतात. मराठीत ‘पुनर्जन्म’ हा शब्द जीवाच्या देहांतरासाठी रूढ असल्याने या संकल्पनेसाठी तो योजणे दिशाभूल करणारे ठरते. हिंदू विचारात पुनर्जन्म हे कर्मबंधनाचे फळ असून त्यातून सुटणे म्हणजे मोक्ष. ख्रिस्ती नवजन्म याच देहात व एकदाच होतो आणि तोच मुक्तीचा आरंभ मानला जातो. भारतीय परंपरेत त्याला अधिक जवळची कल्पना द्विजत्वाची आहे. उपनयनाने होणाऱ्या दुसऱ्या जन्मात सावित्री ही माता व आचार्य हा पिता, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. मात्र हा दुसरा जन्म पहिल्या जन्मावर, म्हणजे वर्णावर अवलंबून असतो. ख्रिस्ती नवजन्माची कल्पना नेमकी येथेच वेगळी होते. बाप्तिस्मा घेतलेल्यांत यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही, असे संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे.

या कल्पनेचा प्रमुख आधार योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील निकदेम या परूशी गृहस्थाच्या प्रसंगात सापडतो. तो रात्री येशूकडे येतो. मूळ ग्रीकमधील ‘अनोथेन’ या शब्दाचे ‘पुन्हा’ व ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. येशूच्या बोलण्यातील हा शब्द निकदेम पहिल्या अर्थी घेतो आणि वृद्ध मनुष्य मातेच्या उदरात परत कसा शिरणार, असे विचारतो. येशूचा रोख पाणी व आत्मा यांपासून होणाऱ्या, वरून लाभणाऱ्या जन्माकडे असतो. संवादाची सारी गंमत या श्लेषात आहे आणि भाषांतरात ती हटकून हरवते. मराठी बायबलमध्ये ‘नव्याने’ हा पर्याय स्वीकारला गेला. तो सयुक्तिक असला, तरी ‘वरून’ ही अर्थच्छटा त्यात मावत नाही. ‘पालिंगेनेसिया’ (पुनर्जनन) हा दुसरा शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. स्टोइक तत्त्वज्ञ तो विश्वाच्या कालांतराने होणाऱ्या नूतनीकरणासाठी वापरीत. मत्तयाच्या शुभवर्तमानातही त्याचा संबंध सृष्टीच्या अंतिम नूतनीकरणाशी आहे; तीताला लिहिलेल्या पत्रात मात्र तो बाप्तिस्म्याच्या स्नानास लावलेला आढळतो. एका व्यक्तीचा नवजन्म हा सर्व सृष्टीच्या नवजन्माचा भाग होय, ही आद्य ख्रिस्ती धारणा या दोन उपयोगांतून सूचित होते. पुढील काळात तिच्याकडे बरेच दुर्लक्ष झाले आणि नवजन्म ही निव्वळ खाजगी अनुभूतीची बाब समजली जाऊ लागली.

नवजन्माचे फळ म्हणजे आंतरिक पूर्णत्व. ‘सोझो’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ तारणे असा आहे, तसाच बरे करणे असाही आहे. रक्तस्रावाने पीडित स्त्रीच्या कथेत हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (इ. स. सु. ५०) आत्मा, जीव व शरीर अव्यंग राहोत, अशी प्रार्थना पौल करतो. तेथील ‘होलोक्लेरोस’ हे विशेषण बळी देण्याच्या निर्दोष पशूलाही लावीत. याच्या उलट अवस्था दुभंगलेपणाची. याकोबाच्या पत्रात तिच्यासाठी ‘द्विमनस्क’ या अर्थाचा शब्द येतो. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या हर्मासचा मेंढपाळ  या ग्रंथात द्विमनस्कता हाच आध्यात्मिक रोगाचा मुख्य प्रकार मानलेला आहे. शरीराला तुच्छ लेखून केवळ ज्ञानाने आत्म्याची सुटका शोधणाऱ्या ज्ञेयवादी पंथांचा चर्चने विरोध केला, त्यामागेही शरीरासह संपूर्ण मनुष्याच्या तारणाचा हाच आग्रह होता.

पहिल्या शतकांत नवजन्म व बाप्तिस्मा यांची फारकत केली जात नसे. जस्टिन मार्टर (सु. १००–१६५) बाप्तिस्म्याला पुनर्जनन म्हणतो आणि ‘प्रकाशन’ असेही त्याचे नाव देतो. दीक्षार्थी बहुधा प्रौढ असत व त्यांची तयारी दीर्घकाळ चाले; ॲपोस्टॉलिक ट्रॅडिशन  या ग्रंथात तीन वर्षांची मुदत सांगितली आहे. चौथ्या शतकातील जेरूसलेमच्या सिरिलच्या प्रवचनांत या विधीचे तपशीलवार वर्णन मिळते. दीक्षार्थी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा त्याग उच्चारीत, मग पूर्वेकडे वळून श्रद्धा प्रकट करीत. वस्त्रे उतरवून, तैलाभ्यंग होऊन, ते तीन वेळा पाण्यात बुडत. हे पाणी थडगेही आहे आणि माताही आहे, असे सिरिलने त्यांना समजावले. काही ठिकाणी नवदीक्षितास दूध व मध देण्याची प्रथा होती. तान्ह्या बालकाचे आणि वचनदत्त भूमीचे असे हे दुहेरी प्रतीक. यानंतरच त्याला प्रभुभोजनाच्या पंक्तीत स्थान मिळे.

नव्याने जन्मलेला मनुष्य पुन्हा पाप का करतो, हा प्रश्न या शिकवणीच्या मुळाशीच होता. हर्मासने बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची आणखी एकच संधी मान्य केली. अनेकांनी बाप्तिस्माच पुढे ढकलला. सम्राट कॉन्स्टंटीनने तो ३३७ मध्ये मृत्युशय्येवर घेतला. संत ऑगस्टीनला ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बाप्तिस्मा मिळाला, तथापि आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात नंतरचीही आसक्ती व मोह त्याने लपविलेले नाहीत. पूर्णत्व म्हणजे एखादे गाठलेले स्थान नसून निरंतर वाढ होय, असे निसाच्या ग्रेगरीने प्रतिपादिले. हे उत्तर सर्वांत समाधानकारक वाटते.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात हेच प्रश्न नव्या संदर्भात उभे राहिले. नाशिकजवळ (आता शहरातच) शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत वसविली होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे शिकण्यास ठेवीत. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक; १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याच्या हृदयाच्या दफनप्रसंगी प्रार्थना त्यानेच वाचली व त्याचे शव इंग्लंडला नेताना तो सोबत होता. अशा मुलांना नवे नाव व नवा धर्म मिळाला खरा, परंतु आद्य चर्चमधील प्रौढ दीक्षार्थीप्रमाणे दीर्घ विचारान्ती केलेली ती निवड नव्हती.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. तथापि त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त सापडला तो सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नमूद केले. विधी व अनुभव यांत पडलेले हे अंतर आद्य चर्चला अपरिचित नसले, तरी इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

नाशिकशी निकटचा संबंध असलेले उदाहरण टिळक दांपत्याचे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे काही शिक्षण नाशिकला झाले. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकलगतचे जलालपूर. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. उपनयनाने द्विज झालेल्या ब्राह्मणाने हा नवा जन्म स्वीकारताच आप्तांच्या दृष्टीने तो मृतवत झाला. पाण्यात जुन्या मनुष्याचे मरण होते, हे वचन येथे व्यवहारात अक्षरशः खरे ठरले. त्याची किंमत पत्नीनेही चुकविली. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या व १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळेओवळे व जातिभेद यांवरचा त्यांचा विश्वास त्यापूर्वीच गळून पडला होता, हे त्यांच्या स्मृतिचित्रे  या आत्मचरित्रावरून दिसते. म्हणजे पतीच्या बाबतीत ग्रंथवाचन व चिंतन यांतून आलेला पालट पत्नीच्या बाबतीत पाण्याच्या घोटाशी आणि ताटातल्या अन्नाशी झगडून आला. दुभंगलेल्या मनाचे एकसंध होणे, हा हर्मासचा विषय मराठीत याहून घरगुती व थेट भाषेत क्वचितच मांडला गेला आहे. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ मध्ये नाशिक येथे झाले.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची योजना होती. नवजन्मास जलविधी अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न त्यामुळे मराठी ख्रिस्ती समाजापुढे उघडपणे आला. दोनच वर्षांत टिळक निवर्तले आणि हा प्रयोग खुंटला.