इंग्रजी भाषाध्ययन : व्याकरण व शब्दसंग्रह यांचा सराव

परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या व्यक्तीने त्या भाषेची रचना व शब्द केवळ माहीत करून न घेता ते सहजपणे वापरता यावेत, यासाठी केलेला हेतुपूर्वक व पुनरावृत्तियुक्त अभ्यास. नियमाचे ज्ञान आणि नियमानुसार होणारा भाषिक व्यवहार यांत बरेच अंतर असते. कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असेल, तर साध्या वर्तमानकाळी क्रियापदास ‘स’ हा प्रत्यय लागतो, हा नियम शाळकरी विद्यार्थी बिनचूक सांगतो. परंतु पदवी परीक्षेच्या निबंधातही तो प्रत्यय गळालेला आढळतो. हे अंतर कापण्याचे साधन म्हणजे सराव होय. सरावाची गरज नेमकी कोठे आहे, हे शिकणाऱ्याच्या मातृभाषेवर पुष्कळ अवलंबून असल्याने प्रस्तुत लेखात मुख्यतः मराठी भाषक विद्यार्थ्याचा विचार केला आहे.

हा प्रश्न केवळ शैक्षणिक नाही. उच्च न्यायालयाचे कामकाज, वैद्यक व अभियांत्रिकी यांचे बहुतेक शिक्षण आणि मोठ्या उद्योगांतील पत्रव्यवहार प्रामुख्याने इंग्रजीतून चालत असल्याने, ज्याच्या घरी इंग्रजी बोलले वा वाचले जात नाही, अशा विद्यार्थ्याची विषयातील गती पुष्कळदा त्याच्या शब्दयोगी अव्ययांवरून व उपपदांवरून जोखली जाते. हे माप अन्यायाचे आहे. पण ते वापरले जाते, आणि म्हणून सराव कसा करावा हा प्रश्न ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला अधिक जिव्हाळ्याचा ठरतो.

महाराष्ट्रात इंग्रजीचे पद्धतशीर शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाले. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मुळात मराठी शिकणाऱ्या इंग्रजांच्या सोयीचा होता, उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी कित्येक पिढ्यांना इंग्रजीचे वळण लावले. सुटी वाक्ये एका भाषेतून दुसरीत नेणे, हे त्या सरावाचे स्वरूप होते. विसाव्या शतकात नेसफील्ड आणि त्यानंतर रेन व मार्टिन यांची व्याकरणे शाळांतून रूढ झाली. यांपैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होते व कादंबरीकार म्हणूनही त्यांचे नाव झाले. या ग्रंथांतील व्याख्या आणि वर्गीकरणे काटेकोर होती. मात्र वाक्यपृथक्करणात निष्णात झालेला विद्यार्थी साधे पत्र लिहिताना अडखळतो, असा अनुभव सार्वत्रिक होता. १९५० नंतर भारतात वाक्यरचनांच्या क्रमवार सरावावर भर देणारी संरचना पद्धती आली. हैदराबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने (२००७ पासून केंद्रीय विद्यापीठ) शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जाऊ लागला.

*व्याकरण :* मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी व्याकरणाची परिभाषा परकी वाटत नाही, याला ऐतिहासिक कारण आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या घाटाची छाप होती आणि शब्दांच्या आठ जाती तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडल्या. या साम्याचा फायदा आहे, तसा धोकाही आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग ठरतो. अर्थाच्या दृष्टीने मात्र येथे राम हाच वाक्याचा विषय आहे आणि त्याचे इंग्रजी रूपांतर ‘राम एट द मँगो’ असे सरळ कर्तृप्रधानच होते. इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’ ही निराळी गोष्ट असून तिच्यात कर्त्याला मागे सारून कर्म पुढे आणले जाते. दोहोंना एकच नाव दिल्याने ‘खाल्ला’, ‘केले’, ‘पाहिली’ अशी रूपे दिसताच इंग्रजीत ‘वॉज’ व ‘बाय’ घालण्याकडे विद्यार्थ्याचा कल होतो. पाठ्यपुस्तकांनी हा गोंधळ फारसा मनावर घेतलेला नाही.

दोन भाषांची तुलना करून अडचणीची स्थळे आधीच हेरावीत, हा विचार अमेरिकन भाषावैज्ञानिक रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये सविस्तर मांडला. सर्वच चुका मातृभाषेच्या प्रभावाने होत नाहीत, हे पुढे दिसून आले. इंग्रजी मुले स्वतः ‘गोड’, ‘कम्ड’ अशी रूपे बनवितात, तशीच परभाषकही बनवितात. एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चुकीला दोष न मानता विद्यार्थ्याने मनाशी बांधलेल्या नियमाचा पुरावा मानावे, असे सुचविले. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा अपुऱ्या पण नियमबद्ध भाषेस ‘अंतरभाषा’ या अर्थाची संज्ञा दिली. असे असले, तरी मराठी भाषकाच्या बाबतीत काही स्थळे ठरलेली आहेत.

उपपदे हे त्यांतील सर्वांत चिवट स्थळ होय. मराठीत ‘अ’ व ‘द’ यांना प्रतिशब्द नाहीत, पण निश्चित-अनिश्चित हा भेद नाही असे मात्र नव्हे. ‘त्याने घोडा बांधला’ आणि ‘त्याने घोड्याला बांधले’ या वाक्यांपैकी दुसऱ्यात ठराविक घोडा अभिप्रेत असण्याचा संभव अधिक. विद्यार्थ्याला हा भेद जाणवत असतो. त्याच जाणिवेचा आधार घेऊन उपपदे शिकविणे नियमांची जंत्री पाठ करविण्यापेक्षा फलदायी ठरते. काळांच्या बाबतीत ‘मी हा चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र भूतकाळातील निश्चित वेळ सांगितली, की ‘हॅव’युक्त पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. अप्रत्यक्ष कथनात ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ यातील ‘मी’ मराठीत मूळ बोलणाऱ्याकडेच राहतो. इंग्रजीत सर्वनाम, काळ व कालवाचक शब्द असे तिन्ही बदलावे लागतात. ‘मला भूक लागली’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला हे आवडते’ यांतील ‘मला’ इंग्रजीत कर्ता होऊन येतो.

शब्दयोगी अव्ययांचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. मराठीतील एकटा ‘वर’ घेतला, तरी टेबलावरच्या पुस्तकाला ‘ऑन’, शहरावरून जाणाऱ्या विमानाला ‘ओव्हर’, स्टेशनवरच्या भेटीला ‘ॲट’, मित्रावरच्या रागाला ‘विथ’ आणि खोकल्यावरच्या औषधाला ‘फॉर’ लागते. उलट इंग्रजीतील ‘ॲट’ला मराठीत कोठे ‘वर’, कोठे ‘वाजता’, तर कोठे ‘घरी’मधील नुसता ‘ई’ पुरतो. म्हणून ‘ऑन म्हणजे वर’ अशी जोडी पाठ करणे निरुपयोगी असून, अव्यय ज्या शब्दासह येते त्या शब्दासकट त्याचा सराव करावा लागतो.

*शब्दसंग्रह :* कोणत्या शब्दांपासून आरंभ करावा, याचे उत्तर विसाव्या शतकात मोजणीतून शोधले गेले. ई. एल. थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये दहा हजार शब्दांची वारंवारतेनुसार यादी केली. सी. के. ऑग्डेन यांच्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये (१९३०) ८५० शब्द होते. या विषयातील सर्वांत उपयुक्त काम बंगालमध्ये झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ढाक्यातील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात असताना मायकेल वेस्ट यांनी, भारतीय विद्यार्थ्याला बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे, असे मत मांडून मर्यादित शब्दांतील वाचनमाला रचल्या. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी निघाली. एका शब्दाची सर्व रूपे मिळून एक शब्दकुल धरले, तर पहिली दोन हजार शब्दकुले सामान्य लिखित मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात. हे प्रमाण वाटते तितके समाधानकारक नाही. कारण त्याचा अर्थ दर पाचवा शब्द अनोळखी, असा होतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये केलेल्या गणनेनुसार कोशाविना वाचता येण्यासाठी, म्हणजे ९८ टक्के शब्द परिचित असण्यासाठी, आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. इतके शब्द याद्या घोकून येणे कठीण आहे. पहिले दोन-तीन हजार शब्द प्रयत्नपूर्वक पाठ करावेत आणि उरलेले भरपूर वाचनातून येऊ द्यावेत, हाच व्यवहार्य मार्ग होय.

पाठांतराच्या बाबतीत जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग आजही मार्गदर्शक आहेत. पाठ केलेली गोष्ट आरंभी झपाट्याने व नंतर सावकाश विसरली जाते, तसेच एकाच बैठकीत केलेल्या आवर्तनांपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली आवर्तने अधिक टिकतात, असे त्यांना दिसले. १९७२ मध्ये झेबास्टिआन लाइटनर यांनी या तत्त्वावर खणांच्या पेटीची युक्ती सुचविली. शब्दाचे टिपण बरोबर आठवले, की ते पुढच्या, अधिक दिवसांनी उघडावयाच्या खणात जाते. चुकले, तर पहिल्या खणात परत येते. संगणकावरील व भ्रमणध्वनीवरील शब्दसरावाच्या अनेक साधनांमागे हीच कल्पना आहे. पुठ्ठ्याची पेटी तेवढेच काम करते.

शब्दाचा अर्थ कळणे व तो वापरता येणे यांत भेद करावा लागतो. जे. आर. फर्थ (१८९०–१९६०) यांनी शब्दांच्या सहवासाला भाषाविचारात स्थान दिले; ते काही वर्षे लाहोरला प्राध्यापक होते. चहा, ऊन, शिस्त व इस्त्री ही चारही मराठीत ‘कडक’ असतात. इंग्रजीत त्या प्रत्येकाचा सोबती निराळा. चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. येथे एकेका शब्दाची वही ठेवण्याऐवजी शब्दांच्या जोड्यांची वही ठेवणे इष्ट. मराठीत स्थिरावलेले इंग्रजी शब्दही फसवे असतात. आपले ‘हॉटेल’ हे बहुधा खाण्याचे ठिकाण असते, ‘लाइट’ म्हणजे विजेचा पुरवठा, आणि कॉलेजातून ‘पास आउट’ झालेला मुलगा इंग्लंडमधील श्रोत्याला बेशुद्ध पडलेला वाटण्याचा संभव आहे. ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ यांसारखे क्रियापदांचे संयोग कठीण मानले जातात. तथापि ‘करून टाकणे’, ‘करून बसणे’, ‘करून पाहणे’ यांतील छटा ज्याला उपजत कळतात, त्याला हा प्रकार सर्वस्वी अपरिचित नसतो.

परभाषेसाठी लिहिलेले एकभाषिक कोश या बाबतीत साहाय्यक ठरतात. ए. एस. हॉर्नबी व त्यांचे सहकारी यांनी जपानमध्ये तयार केलेला कोश टोकियोत १९४२ मध्ये निघाला व १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. क्रियापदामागून कोणती रचना येते, हे त्यात दाखविलेले होते. १९८७ च्या कोबिल्ड कोशात उदाहरणे प्रत्यक्ष वापरातील मजकुरातून घेण्यात आली. तरीही प्राथमिक पातळीवर मराठी अर्थ देणे त्याज्य मानू नये. परिचित शब्दाने जो अर्थ क्षणात कळतो, तो इंग्रजी व्याख्येतून शोधण्यात वेळ दवडण्यात काही हशील नाही.

*सरावाचे प्रकार :* एकाच साच्याची वाक्ये शब्द बदलून वारंवार म्हणविणे, ही कवायत १९५० व १९६० या दशकांत सवयीच्या मानसशास्त्रावर उभी होती. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये त्या मानसशास्त्रावर टीका केल्यानंतर तिची प्रतिष्ठा ओसरली. पण जीभ वळण्यापुरती तिची उपयुक्तता नाकारता येत नाही. दुसऱ्या टोकाला, एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील, विशेषेकरून बंगलोर व मद्रास येथील काही शाळांतून केलेला प्रयोग जगभर गाजला. त्यात व्याकरण न शिकविता नकाशे, वेळापत्रके यांवरची कोडी इंग्रजीतून सोडविण्यास दिली जात. मन अर्थात गुंतले, की रचना आपोआप आत्मसात होते, अशी त्यामागील धारणा होती. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. मात्र गाळलेल्या जागा भरणे हा जो प्रकार शाळांतून सर्वाधिक चालतो, तो सरावापेक्षा परीक्षेच्या अधिक जवळचा आहे. त्यात उत्तर समोर असलेल्या चौकटीत बसवायचे असते, वाक्य स्वतः उभे करायचे नसते.

भाषांतर हा सराव मधल्या काळात बदनाम झाला होता. अलीकडे गाय कुक यांच्यासारख्या अभ्यासकांनी (२०१०) त्याचा पुनर्विचार केला आहे. त्याचा एक जुना प्रकार एकट्याने अभ्यास करणाऱ्यास विशेष सोयीचा आहे. रॉजर ॲस्कम या इंग्रज शिक्षकाने तो लॅटिनसाठी सांगितला होता व त्याचा ग्रंथ १५७० मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या इंग्रजी गद्यातील आठ-दहा ओळी घेऊन त्यांचे मराठी करावे, मूळ उतारा दृष्टिआड ठेवावा आणि काही दिवसांनी आपल्याच मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहून ते मुळाशी ताडून पाहावे. कोठे ‘द’ गळला, कोठे ‘ऑन’च्या जागी ‘ॲट’ आला, कोणता शब्द कोणाच्या सोबतीने आला होता, हे सर्व शिक्षकावाचून कळते. मात्र मधले मराठी अस्सल मराठी असले पाहिजे. ते इंग्रजीच्या वळणाचे लिहिले, तर परतीच्या प्रवासात अडचणी येतच नाहीत आणि सरावही होत नाही.